मुक्काम पोस्ट प्रायव्हेट लिमिटेड

कंपनी काढायला काय लागतं, असं चारचौघांत विचारून पाहा. कुणी भांडवल म्हणेल, कुणी कल्पना म्हणेल, कुणी हिंमत म्हणेल, आणि एखादे मुरलेले गृहस्थ "दुसऱ्याचे पैसे" म्हणतील. लाइट बिल लागतं, असं कुणीही म्हणणार नाही. आमच्याकडे कल्पना होती, हिंमत होती, आणि भांडवल म्हणून रोख दहा हजार रुपये होते. (किमान एक लाखाची अट 2015 साली निघाली, त्याबद्दल सरकारचे आभार.) गाडी अडली ती लाइट बिलावर.

आमच्याकडे म्हणजे मी आणि माझा भाचा. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी बँकेतून निवृत्त झालोय, म्हणजे कशातच नाही. कल्पना त्याची. लोकांच्या घरी पिशव्यांत, ट्रंकांत आणि गादीखाली पडलेली कागदपत्रं स्कॅन करायची, त्यांची यादी करायची आणि ती नीट लावून द्यायची. "मामा, ऐन वेळी कुणालाच कागद सापडत नाही. केवढा बाजार आहे बघा!" कागद न सापडणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय असल्यामुळे मला ते ताबडतोब पटलं.

भाच्यानं एक सीए शोधून काढली. वयानं माझ्या मुलीएवढी, आणि आवाज मात्र आमच्या झोनल मॅनेजरचा. ती म्हणाली, "काका, काही अवघड नाही. नाव मिळेल, डिजिटल सही होईल, पॅन-टॅन त्याच अर्जात येतील. सगळं ऑनलाइन. अर्ज हरियाणात मानेसरला जातो, तिथून सर्टिफिकेट येतं. तुम्ही मला रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता तेवढा द्या."

"घ्या लिहून," मी म्हणालो, आणि पुण्याच्या रिवाजानं सुरुवात केली. "लक्ष्मी रस्त्यानं सरळ आलात की मारुतीपाशी..."

"काका, मारुती नको."

मारुती नको म्हणजे काय? या शहरात जिलब्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे, भिकारदास मारुती आहे. पिढ्यान्‌पिढ्या पत्रं, पाहुणे आणि वऱ्हाडं त्यांच्याच भरवशावर मुक्कामी पोचत आली. पण मानेसरच्या कार्यालयाला यांतला एकही मारुती ठाऊक नाही. त्यांना पहिली ओळ, दुसरी ओळ, पिनकोड आणि शिवाय अक्षांश-रेखांश हवे असतात. आजवर मला पत्ता विचारणाऱ्या कुणाही माणसानं रेखांश विचारला नव्हता. आमच्या वाड्याला बोट लागायची सोय नाही, हे मी सीएला सांगून पाहिलं. तिनं तेही टिपून घेतलं नाही.

मग तिनं कायदा सांगितला. कंपनी कायदा 2013, कलम 12. कंपनी स्थापन झाल्यापासून 30 दिवसांच्या आत तिला असं कार्यालय हवं, की जिथे तिच्या नावानं येणारं प्रत्येक पत्र आणि प्रत्येक नोटीस घेतली जाईल आणि मिळाल्याची पोच दिली जाईल. आणि हे एकदाच करून भागत नाही, तिथून पुढे सदैव.

"सदैव म्हणजे दुपारी दोन ते चारसुद्धा?" मी विचारलं.

"काका, सदैव म्हणजे सदैव."

कायदा करणाऱ्यांत एकही सदाशिव पेठेतला नसणार.

"आणि नाही जमलं तर?"

"दिवसाला हजार रुपये दंड. कंपनीला वेगळा आणि जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा. कमाल एक लाख."

भांडवल दहा हजार. मी मनातल्या मनात भागाकार केला. नुसता पत्ता सापडला नाही, तर आमची कंपनी एकही कागद स्कॅन न करता दहा दिवसांत खलास होणार होती. बँकेत असताना मी बुडीत खाती पुष्कळ पाहिली, पण पिनकोडात बुडालेलं एकही पाहिलं नव्हतं.

तिनं कागदांची यादी दिली. जागा आपली असेल तर मालकीचा पुरावा, भाड्याची असेल तर भाडेकरार आणि पावती, दुसऱ्याची असेल तर त्याचं ना-हरकत पत्र. आणि कोणाचीही असली तरी लाइट, फोन किंवा गॅसचं बिल, दोन महिन्यांच्या आतलं.

"एवढंच ना?" असं मी म्हणालो. 'एवढंच ना' म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे सीए लोकांना माहीत असतं. ती नुसती हसली.

पहिला मान अर्थातच वाड्याचा. पेठेत वडिलोपार्जित वाडा आहे, त्यात आमच्या वाटणीच्या दोन खोल्या आहेत, त्यांना कुलूप आहे आणि कुलपाची किल्लीही आहे. व्यवसायाला याहून अधिक काय लागतं? मी गेलो, मीटरखालच्या खिळ्याला टोचलेलं बिल काढलं आणि नाव वाचलं. आजोबांचं. मी त्यांना पाहिलं आहे ते फोटोत, हारासकट. ते गेल्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली, पण वीज अजून तेच वापरतात, आणि थकबाकीही ठेवत नाहीत. आमच्या कुटुंबातले सर्वांत नियमित ग्राहक तेच.

सीएला फोन केला. "बिल आजोबांच्या नावावर आहे."

"चालेल. त्यांची एनओसी आणा."

"ते नाहीत."

"बाहेरगावी असतील तर स्कॅन करून मागवा."

मी खुलासा केला. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली आणि मग वारस नोंद, प्रॉपर्टी कार्ड, सर्व हिस्सेदारांच्या सह्या असे शब्द ऐकू येऊ लागले. आता, आमच्या हिस्सेदारांना एका जागी आणण्याचं काम आजवर एकाच गोष्टीला साधलंय, ते म्हणजे दहाव्याला. आणि एका कागदावर आणायचं काम तर दिवाणी न्यायालयालाही साधलेलं नाही.

तरी मी धाकट्या काकांकडे गेलो. काका कोर्टात शिरस्तेदार होते. तिथून येताना त्यांनी एक सवय घरी आणली: कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी ते "हक्क अबाधित ठेवून" असं लिहितात. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरसुद्धा.

"कंपनी कुठली? तुझी?" काकांनी विचारलं. "तिला नोटीस आली तर कुठे येणार?"

"इथे. पत्ता इथलाच."

"पोस्टमन दारात उभा राहून हाक मारणार, नोटीस आली म्हणून. समोरच्या बिऱ्हाडाला ऐकू जाणार. ते काय म्हणणार? यांच्याकडे नोटीस आली! कंपनीच्या नावानं आली की आपल्या, हे बघायला कोण खाली उतरतंय?"

"काका, अजून कंपनी निघालीही नाही."

"म्हणूनच अजून नोटीस आली नाही." एवढं बोलून काकांनी चष्मा पुसला. "सही करतो मी. माझी ना नाही. पण आधी मागच्या खोलीचं ठरू दे."

मागच्या खोलीचं ठरत नाही म्हणून माझ्या वडिलांनी जिना वेगळा केला होता. त्याच जिन्यानं मी खाली आलो.

गावचं घर होतं. सातारा जिल्ह्यात, हवा उत्तम, पोस्टमन ओळखीचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढला तर त्यावर एवढी नावं निघाली, की आमच्या कंपनीची सर्वसाधारण सभाही तेवढी भरणार नाही. भाच्यानं डोंबिवलीची मावशी सुचवली. मावशी तयार होती, बिल तिच्याच नावावर होतं, माझे डोळे भरून आले. पण सीए म्हणाली, "नंतर ऑफिस पुण्याला आणायचं असेल तर विचार करा काका. गावातल्या गावात हलवायचं तर बोर्डाचा ठराव पुरतो. पण मुंबईच्या रजिस्ट्रारच्या हद्दीतून पुण्याच्या हद्दीत आणायचं तर राज्य तेच असलं तरी रिजनल डायरेक्टरची परवानगी लागते." डोंबिवलीहून पुण्याला यायला सरकारी परवानगी! सकाळच्या गाडीला जागा मिळत नाही तेवढं पुरे नव्हतं का? मावशीला नकार कळवला. ती दुखावली. तिनं हॉलमधला टेबल रिकामा करून ठेवला होता.

एका मित्राचं बाजीराव रस्त्यावर छोटं दुकान आहे. त्यानं छातीठोक सांगितलं, "जागा आपलीच समज." तो पोटभाडेकरू निघाला. ज्याचा तो पोटभाडेकरू आहे, तोही आणखी कुणाचा तरी आहे. मूळ मालक पाताळात कुठे तरी असावा.

या सुमारास भाच्याच्या मोबाइलला वास लागला. पत्ता शोधतोय म्हटल्यावर त्याला पत्ते विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. "सर, व्हर्च्युअल ऑफिस हवंय? बाणेर देऊ, कोरेगाव पार्क देऊ, विमाननगर देऊ? वर्षाचं पॅकेज. अ‍ॅग्रीमेंट, एनओसी, लाइट बिल सगळं आमचं. दारावर पाटी लावून देऊ. पत्र आलं की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करू. इन्स्पेक्शनला कुणी आलं तर सर, खुर्चीवर माणूसही बसवू."

"माणूस कोण?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल तो, सर. टाय लावून हवा असेल तर वेगळा चार्ज."

नीटनेटकी आणि कायद्यात बसणारी अशी जागा देणारेही असतात, हे मला माहीत आहे. आम्ही पाहायला गेलो ती त्यांतली नव्हती. एका दाराला एवढ्या पाट्या ठोकल्या होत्या, की दार उघडायची कडी शोधावी लागली. आत एक मुलगी, एक टेबल आणि एक पाण्याचा जार. आयात-निर्यात, इन्फ्रा, अ‍ॅग्रो, एंटरटेनमेंट, सगळ्यांचं मुख्यालय ते टेबल. "यांतले डायरेक्टर कधी येतात का?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "एक आले होते सर. पाणी प्यायले आणि गेले."

घरी येऊन भाच्यानं मला जगाचं ज्ञान दिलं. "मामा, हे काहीच नाही. केमन बेटांवर अग्लंड हाउस म्हणून पाच मजली इमारत आहे. 2008 साली अमेरिकन सरकारच्या तपासनिसांनी मोजलं तर त्या एका पत्त्यावर 18 हजारांहून जास्त कंपन्या. आणि डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनला एक बसकी इमारत आहे, 1209 नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट. तिथे अडीच लाखांहून जास्त." मी ऐकत होतो. अडीच लाख कंपन्या एका बसक्या घरात मजेत नांदतात, आणि इथे एका वाड्यात, एका गावच्या घरात आणि एका मावशीच्या हॉलमध्ये मिळून आमची एक मावत नव्हती. तिथे मागच्या खोलीचं ठरलेलं असणार.

सीएला विचारलं तर तिनं झटकून टाकलं. "काका, ते दिवस गेले. 2017 साली सरकारनं दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून उडवल्या. 2019 साली जुन्या कंपन्यांकडून ऑफिसचे फोटो मागवले, बाहेरून एक आणि आतून एक, आणि आतल्यात निदान एक डायरेक्टर किंवा वरिष्ठ अधिकारी दिसला पाहिजे. 2022 पासून तर रजिस्ट्रारला शंका आली की तो प्रत्यक्ष येऊन जागा पाहू शकतो. त्या परिसरातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर."

आमच्या सोसायटीत स्वतंत्र असा कुणीच नाही. साक्षीदार मात्र सगळेच आहेत.

सोसायटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. इतका वेळ मी आमच्या राहत्या फ्लॅटचं नाव घेतलं नाही, याला कारण आहे. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे. महाराष्ट्रात 2021 पासून स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मी बँकेतला माणूस, टक्का दिसला की वाकतो. तो एक टक्का वाचवला, आणि घर शंभर टक्के देऊन बसलो. बिल तिच्या नावावर, टॅक्स पावती तिच्या नावावर, शेअर सर्टिफिकेटही तिचंच. कागदोपत्री मी त्या घरात नेमका कोण, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

सीएनं मसुदा पाठवला. मी तो प्रिंट काढून, चहाबरोबर, बशीला टेकवून ठेवला.

हिनं चष्मा लावला. "हे काय?"

"काही नाही. इथे सही कर."

बँकेत असताना हेच वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलं, आणि त्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या. ही वाचायला लागली.

"'सदर जागेचा वापर करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' कोणतीही?"

"तशी भाषा असते."

"कधीही?"

"तसं लिहिलेलं नाही. पण अर्थ तोच."

"म्हणजे उद्या तुम्ही हॉलमध्ये लोकांच्या घरच्या झुरळं लागलेल्या ट्रंका आणून ठेवल्यात तरी माझी हरकत नाही? तुमचा भाचा जेवायच्या वेळी न कळवता आला तरी माझी हरकत नाही? अहो, आजवर तुम्ही साधा शर्ट आणलात तरी माझी हरकत असते. आणि हे मी सरकारला लिहून देऊ?"

"ते हरियाणात जातं. तिथे तुला कोण ओळखतंय?"

"भाडं किती?"

हा प्रश्न मसुद्यात नव्हता. मी समजावलं, की मालकानं हरकत नाही म्हटलं की भाडं नसलं तरी चालतं. भाडं ठरवायचं तर लीव्ह अँड लायसन्सचा करार करायचा, आणि महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55.

"म्हणजे आपल्या दोघांचा करार नोंदवायचा?"

"हो."

"आपल्या लग्नाची नोंदणी अजून व्हायची आहे. आधी ती करा. मग भाडेकरूचं बघू."

शेवटी भाच्यानं येऊन तह घडवला. "मामी, कंपनीत तुम्हाला शेअर देऊ." मामीनं शेअर नाकारले. कंपनी मामांची असल्यामुळे, असं कारण दिलं. मात्र सही केली, आणि सहीखाली पेन्सिलनं बारीक अक्षरात अटी घातल्या: चपला बाहेर, सोफ्यावर कागद नकोत, दुपारी बेल नको, आल्यागेल्याचा चहा ज्याचा त्यानं. सीएनं तो कागद पाहून विचारलं, "काका, हे खालचं काय आहे?" मी म्हणालो, "हक्क अबाधित ठेवून." अटी खोडून नवीन प्रत काढायचं ठरलं, पण नव्या प्रतीवर सही मागायला कुणी जायचं यावर एकमत होईना. अखेर सीएनं स्कॅन करताना कागदाचा खालचा भाग वर दुमडला. आमच्या कंपनीचा पहिला स्कॅन तो.

आता सोसायटी. कायद्याला मालकाचं ना-हरकत पत्र पुरतं. सोसायटीचं बघायचं ते आपलं आपण, असं सीए म्हणाली होती. तेव्हा सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. पण मी बँकेतला. मी रीतसर अर्ज केला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या चालतात. चौथ्यावर पोळीभाजीचे डबे होतात, आणि त्यांच्या फोडणीवर अख्ख्या विंगेची घड्याळं लागतात. तळमजल्यावर ब्युटी पार्लर आहे. एक गृहस्थ बाल्कनीत बसून शेअर्सचा एवढा व्यवहार करतात, की बाजार पडला की आमच्या लिफ्टमध्ये कळतं. यांपैकी कुणीही कधी परवानगी मागितली नव्हती. त्यामुळे हरकत घ्यायची कुणाला संधीच मिळाली नव्हती. माझ्या अर्जानं ती सर्वांची एकदम सोय झाली.

सभेत प्रश्न आले. ट्रक येणार का? लेबर येणार का? लिफ्टचं मेंटेनन्स वाढेल ते कोण देणार? पाणी? आमचं कमर्शियल होईल का?

"कंपनीत माणसं किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दोन. मी आणि माझा भाचा."

"मग कंपनी कशाला म्हणता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबेवाल्या बाईंनी तर निवासी इमारतीत धंदा नको, अशी स्वच्छ भूमिका घेतली आणि कुकर लावून आलेय म्हणत सभेतून उठल्या. पहिल्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ सभासद शेवटपर्यंत गप्प होते. निघताना त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आयपीओ कधी?"

विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा कोरमअभावी तहकूब झाली. त्यानंतर चेअरमन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले, आणि शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. तेवढ्यात सीएचा फोन: "काका, तुम्ही दिलेलं लाइट बिल दोन महिन्यांपलीकडचं झालं. नवीन पाठवा." बिल दुधासारखं नासतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवीन बिल आलं तर त्यावर मीटर रीडिंगच्या जागी घर बंद असल्याचा शेरा. घर बंद! म्हणजे पुरावा द्यायचा होता तो इथे सदैव कुणी तरी असतं याचा, आणि पुराव्यावरच छापून आलं होतं की कुणी नव्हतं. बायको म्हणाली, "दुपारचा आला असेल. बेल वाजवली असेल. मी नाही उघडलं."

ऑस्ट्रेलियाहून किल्ली आली, शिक्का निघाला, शाई वाळलेली होती, ती आम्ही आणून दिली. पत्र मिळालं. "कोणताही व्यवसाय न करण्याच्या अटीवर व्यवसायास ना-हरकत." मी ते दोनदा वाचलं आणि सीएला न दाखवता फायलीत लावलं.

राहिला फोटो. मागतील तेव्हा धावपळ नको, म्हणून सीएनं तो आधीच काढून ठेवायला सांगितला. बाहेरून इमारत आणि आतून ऑफिस, डायरेक्टरसकट. बाहेरचा सोपा वाटला होता. पण आमच्या फाटकावर बाराही महिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. त्या आठवड्यातला एवढा मोठा होता, की त्यात इमारतीच्या नावातलं शेवटचं अक्षर आणि वॉचमनची टोपी एवढंच दिसत होतं. फोटोतून कुणालाही वाटावं की कंपनी त्या गॉगल लावलेल्या युवानेत्याची आहे. तो उतरेपर्यंत थांबायचं ठरवलं. तो उतरला त्याच रात्री त्याच्या भावाचा लागला.

आतला फोटो काढायला भाचा आला. (कळवून आला.) "मामा, ऑफिससारखे बसा." ऑफिसमध्ये मी कसा बसायचो ते आठवून बसलो. भाचा म्हणाला, "डोळे उघडे ठेवा." मागच्या भिंतीवर आमचा लग्नातला फोटो होता, तो काढला तर खाली पोपडे निघाले. पोपड्यांवर भारताचा नकाशा लावला. टेबलावर लॅपटॉप, फाइल, पेनस्टँड. क्लिक करणार तोच हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोथिंबीर कुठे ठेवलीत?" ती लॅपटॉपच्या मागे होती. पहिल्या फोटोत कोथिंबीर आली. दुसऱ्यात ही आली. तिसऱ्यात मी, नकाशा आणि गंभीर चेहरा, सगळं जमलं. मोठा करून पाहिला तर खिडकीत शेजारचे ज्येष्ठ सभासद उभे होते, आयपीओवाले. सीए म्हणाली, "राहू द्या. साक्षीदार दिसतोय."

मग पाटी. कायदा सांगतो की कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता ठळक जागी, वाचता येईल अशा अक्षरांत लावला पाहिजे, आणि अक्षरं स्थानिक लिपीत नसतील तर त्या लिपीतही लिहिलं पाहिजे. नावाचं समजू शकतो. पण पत्ता? जो माणूस पाटीसमोर उभा राहून पाटी वाचतोय, तो पोचलेलाच आहे की! पाटी रंगवणाऱ्यालाही हेच वाटलं. "साहेब, हा पत्ता इथे कशाला? हे म्हणजे तुमच्या घरात तुम्हालाच सांगायचं की तुम्ही घरी आहात." लेटरहेडवर तर याखेरीज 21 अंकाक्षरी ओळख क्रमांक, फोन, ईमेल, आणि असल्यास फॅक्ससुद्धा. फॅक्स असल्यास! सरकारचा आशावाद मला आवडला.

पाटी लागली. तिच्या खाली दुसऱ्या दिवशी एक छोटी पाटी आपोआप उगवली: "दुपारी बेल वाजवू नये. पत्र असल्यास शेजारी द्यावे." सीएच्या सांगण्यावरून दुसरं वाक्य खोडलं. पहिल्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

कंपनी नोंदली गेली आणि तिचा तपशील सरकारी संकेतस्थळावर सर्वांना दिसू लागला. दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. करंट अकाउंट, ट्रेडमार्क, आयएसओ सर्टिफिकेट, कर्ज, वेबसाइट. "अभिनंदन सर, तुमच्या टीममध्ये किती लोक आहेत?" एकानं तर अत्यंत आदबीनं विचारलं, "सर, रजिस्टर्ड ऑफिससाठी पत्ता हवाय का?"

पहिलं रजिस्टर पत्र मात्र पोस्टमन घेऊन आला तो बरोबर अडीच वाजता. मी झोपलो होतो. हिनं दार उघडलं, सही केली, पोच दिली आणि पत्र आत आणून टेबलावर ठेवलं. कलम 12 जसंच्या तसं पाळलं गेलं, आणि ते पाळणाऱ्या व्यक्तीचा कंपनीशी काहीही संबंध नव्हता. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पत्राची ती वहीत नोंद करते. तारीख, वेळ, कुणाकडून. शेवटच्या रकान्यात काही आकडे असतात. ते कशाचे, हे मी विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळी सेक्रेटरी आले. चपला बाहेर काढल्या. मला वाटलं, लिफ्टच्या मेंटेनन्सचं काही असेल. बराच वेळ ते पाटीची तारीफ करत बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "आमचे जावई कंपनी काढतायत. फ्लॅट आमचा आहे, पण बिल अजून बिल्डरच्या नावावर. आणि सोसायटीत विचारायचं म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे. तर तुमचा पत्ता जर... एक छोटी पाटी, तुमच्या पाटीच्या खाली..."

मी कलम, नियम, अग्लंड हाउस वगैरे मनात जुळवत होतो. तेवढ्यात ही आतून वही घेऊन आली.

"बसा ना भाऊजी," ती म्हणाली. "बिल याच महिन्यातलं आहे. पण भाडं मी सहा महिन्यांचं आगाऊ घेते, आणि चहा धरलेला नाही."